लाम्बारेने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डॉक्टर अल्बर्ट श्वाइट्झर यांच्याबद्दल कधी ना कधी वाचलेल्या मराठी माणसाला लाम्बारेने हे नाव ठाऊक असतं. त्या नावाचं गाव मात्र फारसं कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. म्हणून इथे आधी गावाचे प्रश्न घेतले आहेत, मग श्वाइट्झर यांनी तिथे काढलेल्या दवाखान्याचे आणि शेवटी प्रवासाचे. एखाद्या गोष्टीचं उत्तर दुसरीकडे आलं असेल, तर तो क्रमांक दिला आहे.

१. लाम्बारेने नक्की कुठे आहे? काँगोमध्ये ना?

नाही, गॅबॉनमध्ये. मध्य आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा हा देश क्षेत्रफळाने महाराष्ट्राहून थोडा लहान आहे, पण सगळ्या देशाची लोकसंख्या एकट्या पुणे शहरापेक्षा कमी भरते. देशाचे नऊ प्रांत आहेत. त्यांतल्या मोयेन-ओगोवे प्रांताचं मुख्य ठिकाण म्हणजे लाम्बारेने, आपल्याकडच्या जिल्ह्याच्या गावासारखं. विषुववृत्त इथून उत्तरेला जेमतेम पाऊणशे किलोमीटरवर आहे.

घोटाळा होतो तो जुन्या पुस्तकांमुळे. तिथे ‘फ्रेंच काँगो’ असा उल्लेख सापडतो. १९१० पासून हा सगळा मुलूख ‘फ्रेंच विषुववृत्तीय आफ्रिका’ नावाच्या वसाहतीत होता आणि कारभार ब्राझाव्हिलमधून चाले. गॅबॉन स्वतंत्र झाला १७ ऑगस्ट १९६० रोजी.

२. नावाचा उच्चार काय आणि अर्थ काय?

लाम्-बा-रे-ने, शेवटचा ‘ने’ स्पष्ट. नाव गालवा लोकांच्या भाषेतलं आहे आणि त्याचा अर्थ ‘करून तर पाहा’ अशा धर्तीचा सांगतात. दवाखान्याच्या टेकडीलाही स्वतःचं नाव आहे, आदोलिनानोंगो. ‘लोकांवर नजर ठेवणारी’ असा त्याचा अर्थ. गालवांचा राजा न्कोम्बे याचं ठाणं या टेकडीवर होतं. दवाखाना तिथे फार नंतर आला.

३. गाव केवढं आहे? दिसतं कसं?

२०१३ च्या जनगणनेत साधारण ३९ हजार वस्ती होती. लिब्रव्हिल आणि पोर्-जांती या दोन शहरांतच निम्म्याहून जास्त देश राहतो, त्यामुळे तिथल्या मानाने हे चांगलं नांदतं गाव आहे.

गाव समजून घ्यायचं तर नदीपासून सुरुवात करावी लागते. ओगोवे ही सुमारे १२०० किलोमीटर लांबीची नदी. पाण्याच्या प्रमाणात आफ्रिकेत तिच्यापुढे काँगो, नायजर आणि झांबेझी एवढ्याच मोठ्या नद्या आहेत. लाम्बारेनेच्या थोडं वर तिला एन्गूनिए नदी मिळते. गावाशी आल्यावर प्रवाह दोन फाट्यांत विभागतो आणि मधे बेट राहतं. कचेऱ्या, जुन्या व्यापारी वस्त्या, कॅथलिक मिशन हे सगळं बेटावर. उजव्या तीरावर दवाखाना, डाव्या तीरावर इझाक नावाचा गजबजलेला भाग. तिन्ही तुकडे पुलांनी जोडलेले आहेत, तरी काठावर पिरोग बांधलेले असतातच. पिरोग म्हणजे अख्खं झाड कोरून केलेली लांब, अरुंद होडी. हल्ली तिला मागे मोटर लावतात.

गावाच्या खाली तळ्यांचा प्रदेश सुरू होतो. झिले, ओनांगे, एझांगा अशी मोठमोठी तळी नदीला जोडलेली आहेत. पाणघोडे, समुद्रगायी आणि पेलिकन पक्षी तिथे आहेत. २००९ साली खालच्या ओगोवेचा हा पाणथळ भाग रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आला. माझ्या मते गावाचं खरं वैभव हेच आहे, आणि त्याच्याबद्दल सर्वांत कमी लिहिलं जातं.

४. तिथे कोण लोक राहतात? भाषा कोणती?

इथले जुने रहिवासी गालवा. त्यांची बोली म्येने भाषासमूहातली. एकोणिसाव्या शतकात ईशान्येकडून फांग लोक नदीच्या कडेने सरकत आले, आणि आज देशातला सर्वांत मोठा समूह त्यांचाच आहे. शिवाय पुनू, एशिरा, अकेले आहेत. कचेरीत आणि शाळेत फ्रेंच चालते. वेगवेगळ्या समूहांतली माणसं बाजारात एकमेकांशीही फ्रेंचच बोलतात. इंग्रजीवर भागेल अशी आशा धरू नका.

५. पावसाळा कधी असतो?

वर्षातून दोनदा. फेब्रुवारी-मार्चपासून मेपर्यंत एक आणि ऑक्टोबर ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत दुसरा. जून ते सप्टेंबर, म्हणजे आपल्याकडे धो धो पाऊस चालू असताना, तिथे मोठा कोरडा ऋतू असतो. कोरडा म्हणजे कडक ऊन नव्हे. आभाळ दिवसेंदिवस झाकोळलेलं असतं, हवा त्यातल्या त्यात थंड असते, पण पाऊस पडत नाही. नदी उतरते आणि वाळूचे पट्टे वर येतात.

६. लोक खातात काय? शाकाहारी माणसाचं भागेल का?

रोजच्या ताटात दोन गोष्टी ठरलेल्या: मानियोक आणि मासा. मानियोक म्हणजे ज्यापासून आपला साबुदाणा होतो तोच कंद. त्याच्या कडू जातीत सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात, म्हणून सोललेले कंद काही दिवस पाण्यात भिजत ठेवतात, आंबू देतात, मग कुटून त्याची लांब वळी करतात, रुंद पानात गुंडाळून दोऱ्याने करकचून बांधतात आणि उकडतात. या वळीला ‘बातों द मानियोक’ म्हणतात. पान सोडलं की आत करडसर पांढरा, चिवट, किंचित आंबूस वासाचा गोळा निघतो. सुरीने त्याच्या चकत्या करायच्या आणि रश्शाबरोबर खायच्या. उपासाच्या खिचडीची चव मनात धरून पहिला घास घेतलात तर फसाल, कारण इथे आंबवण मुख्य आहे. इडलीचं पीठ आंबतं तो वास आठवा, तो जास्त जवळचा.

रस्सा दोन तऱ्हांचा तरी चाखावा. पामच्या फळांचा गर उकडून केलेला लालसर, तेलकट ‘न्येम्ब्वे’. आणि ‘ओदिका’: रानआंब्याच्या कोयीतला गर भाजून, वाटून त्याची वडी पाडतात. ती दिसते चॉकलेटसारखी, किसून कालवणात घालतात आणि दाटपणा येतो. शाकाहाऱ्याला केळी, मानियोक, त्याच्याच पाल्याची भाजी, भात आणि आतांगा नावाचं जांभळं फळ मिळेल. पण पाल्याच्या भाजीत सुका मासा असण्याची शक्यता मोठी, तेव्हा विचारून घ्या.

७. गावाचं पोट कशावर चालतं? आपल्या प्लायवुडमध्ये तिथलं लाकूड असतं, हे खरं का?

सरकारी नोकऱ्या, दवाखाने, मासेमारी, शेती, जवळपासची पामतेलाची लागवड, आणि लाकूड. ओकुमे हे गॅबॉनचं ओळखीचं झाड. ते हलकं असतं, पाण्यावर तरंगतं. म्हणून जंगलात तोडलेले ओंडके एकत्र बांधून त्यांचे तराफे ओगोवेतून थेट समुद्रापर्यंत सोडत. जड लाकडं बुडत, त्यामुळे ती तोडायला कुणी फारसं जात नसे. या तराफ्यांवर किती मजूर दगावले, जखमी झाले, याचे उल्लेख जुन्या दवाखान्याच्या नोंदींत पुन्हा पुन्हा येतात.

२०१० मध्ये गॅबॉनने अख्खे ओंडके परदेशी पाठवण्यावर बंदी घातली. तेव्हापासून लाकूड देशातच सोलून-कापून बाहेर जातं. राजधानीजवळ न्कोक इथे त्यासाठी उद्योगक्षेत्र उभं राहिलं आणि त्यात भारतीय कारखानदार मोठ्या संख्येने आहेत. म्यानमारमधून गर्जन या झाडाचे ओंडके येणं बंद झाल्यावर आपल्याकडच्या प्लायवुडवर ‘ओकुमे फेस’, म्हणजे ओकुमेचा वरचा थर, दिसू लागला तो इथूनच. सुताराला विचारा, तो लालसर गुलाबी पापुद्रा ओळखेल.

८. श्वाइट्झर येण्याआधी तिथे काय होतं? नुसतं जंगल?

हा समज सोडून द्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. गालवा लोक नदीवरचे मुरलेले व्यापारी होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज आणि जर्मन कंपन्यांच्या वखारी इथे होत्या. हस्तिदंत, रबर आणि आबनूस खाली जाई, कापड आणि दारू वर येई. अमेरिकन प्रेस्बिटेरियन पाद्री रॉबर्ट हॅमिल नॅसो यांनी १८७० च्या दशकात इथे मिशन काढलं. १८९२ मध्ये ते पॅरिसच्या प्रोटेस्टंट मिशनकडे गेलं, आणि पुढे श्वाइट्झर आले ते याच मिशनच्या आन्देंदे नावाच्या आवारात.

१८९५ मध्ये मेरी किंग्स्ली ही इंग्रज प्रवासी याच मिशनमध्ये उतरली होती. इथून वर धबधब्यांपर्यंत जाऊन आल्यावर ती फांग वाटाड्यांबरोबर जंगलातून र्‍हेम्ब्वे नदीकडे पायी निघाली. वाटेत जनावरांसाठी खणलेल्या खड्ड्यात ती पडली, खाली टोकदार खुंट रोवलेले होते, आणि जाडजूड घागऱ्यामुळे वाचली.

९. श्वाइट्झर कधी आले? दवाखाना कोंबड्यांच्या खुराड्यात सुरू झाला, ही दंतकथा आहे का?

दंतकथा नाही. अल्बर्ट श्वाइट्झर आणि त्यांची पत्नी हेलेने एप्रिल १९१३ मध्ये लाम्बारेनेला पोहोचले. ठरलेली इमारत तयार नव्हती आणि रोगी तर पहिल्या दिवसापासून दारात. काही दिवस उघड्यावर तपासल्यावर आन्देंदेच्या आवारातलं एक रिकामं खुराडं झाडून, चुना लावून त्यांनी वापरात घेतलं. हेलेने यांनी यासाठीच परिचारिकेचं शिक्षण घेतलं होतं. शस्त्रक्रियेची तयारी आणि भूल देणं त्यांच्याकडे असे. त्यांचं नाव फार कमी घेतलं जातं, याची मला खंत वाटते.

श्वाइट्झर पहिल्या रांगेतले ऑर्गनवादक होते. पॅरिसच्या बाख सोसायटीने त्यांना पायपट्ट्या असलेला पियानो दिला होता, दमट हवेत टिकावा म्हणून आतून जस्ताचा पत्रा लावलेला.

आज जुना दवाखाना म्हणून दाखवतात ती जागा मात्र ही नव्हे. आन्देंदेची जागा अपुरी पडल्यावर नदीच्या वरच्या अंगाला सुमारे तीन किलोमीटरवर, आदोलिनानोंगोवर नव्याने बांधकाम झालं आणि १९२७ च्या जानेवारीत रोगी तिकडे हलवले.

१०. रोग्यांची भाषा त्यांना कशी कळायची?

जोसेफ आझोवानी यांच्यामुळे. हे गालवा गृहस्थ पूर्वी स्वयंपाकी होते. त्यांना आठ तरी भाषा येत होत्या, आणि ते दुभाषे आणि मदतनीस झाले. शरीराचे भाग ते खाटकाच्या भाषेत सांगत: या माणसाची उजवी मांडी म्हणण्याऐवजी ‘उजवा जिगो’, म्हणजे मटणाची तंगडी. या बाईच्या डाव्या ‘कॉटलेट’मध्ये, म्हणजे बरगडीत, दुखतंय. डॉक्टरांना ते सगळं नीट समजे. रोगी डॉक्टरांना ‘ओगांगा’ म्हणत. गावातल्या मांत्रिक-वैद्यालाही तोच शब्द आहे.

११. एवढं काम करणाऱ्या माणसाला कैद का झाली?

श्वाइट्झर अल्सासचे. तो प्रांत तेव्हा जर्मनीकडे होता आणि वसाहत फ्रान्सची. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटलं आणि दोघं पतिपत्नी शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून स्वतःच्याच घरात पहाऱ्याखाली आले. काही महिन्यांनी रोगी तपासायची मुभा मिळाली, पण १९१७ मध्ये त्यांना फ्रान्सला नेऊन छावणीत ठेवलं. ते परतले थेट १९२४ मध्ये, आणि दवाखाना जवळजवळ रानाने गिळलेला होता.

दुसऱ्या महायुद्धात लढाई गावातच आली. १९४० च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जर्मनीशी लढत राहिलेल्या द गॉल यांच्या फ्रेंच फौजांनी, जर्मनीशी जुळवून घेणाऱ्या फ्रान्सच्या विशी सरकारच्या तुकडीला वेढा घातला आणि ५ नोव्हेंबरला लाम्बारेने घेतलं. दवाखान्यावर बॉम्ब टाकू नयेत असे आदेश दोन्ही बाजूंनी दिले होते. भटक्या गोळ्यांपासून बचावासाठी भिंतींना पन्हाळी पत्रे लावले होते.

१२. ‘जीवनाविषयी आदर’ हा विचार त्यांना इथेच सुचला का?

होय, नदीवर. सप्टेंबर १९१५ मध्ये ते आजारी रोग्याला पाहायला एका संथ बोटीने एन्गोमोकडे चालले होते. तिसऱ्या दिवशी सूर्यास्ताच्या वेळी, इगेन्जा गावाजवळ, पाणघोड्यांच्या कळपामधून बोट जात असताना हे शब्द मनात आले, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. भारतीय विचारांचाही त्यांनी पुढे सविस्तर अभ्यास केला, आणि जैनांच्या अहिंसेची दखल आवर्जून घेतली.

१३. नोबेलच्या पैशांतून कुष्ठरोग्यांची वसाहत झाली. आनंदवनाशी त्याचा काही संबंध होता का?

१९५२ चं शांततेचं नोबेल त्यांना १९५३ मध्ये जाहीर झालं आणि ती रक्कम दवाखान्याजवळ कुष्ठरोग्यांसाठी पक्की घरं बांधायला वापरली गेली. बाबा आमटे यांचं वरोऱ्याचं काम १९४९ मध्ये सुरू झालं. दोन्ही कामं आपापल्या मातीत उभी राहिली. सल्फोन गटातली औषधं त्याच सुमारास हाती आल्याने कुष्ठरोग बरा होऊ लागला होता, हा दोन्हींमागचा समान दुवा. बाबांनी रोग्याच्या हाताला काम देण्यावर भर दिला. लाम्बारेनेत रोगी घरच्या माणसांसह राहावा, चूल आपली आपण मांडावी, यावर भर होता.

१४. श्वाइट्झर यांच्यावर वंशवादाचा आरोप होतो. त्यात तथ्य आहे का?

आहे, आणि तो झाकून ठेवण्याने त्यांचा मान वाढत नाही. आफ्रिकी माणूस माझा भाऊ आहे, पण मी थोरला भाऊ, असं त्यांनी लिहिलं आहे. वसाहतीच्या काळातली ही वडीलकीची भाषा त्यांनी सोडली नाही. स्थानिक डॉक्टर घडवण्याकडे लक्ष दिलं नाही, आणि शेवटच्या वर्षांत दवाखाना वैद्यकशास्त्राच्या मागे पडला होता, असंही टीकाकार म्हणतात.

दुसऱ्या बाजूला, शेकडो किलोमीटरच्या टापूत शस्त्रक्रिया करणारं दुसरं कुणी नव्हतं तेव्हा हा माणूस तिथे होता, युरोपीय लोकांनी आफ्रिकेवर केलेल्या अन्यायाची भरपाई म्हणून आपण हे करतो असं म्हणत होता, आणि ४ सप्टेंबर १९६५ रोजी नव्वदाव्या वर्षी तिथेच गेला. मला दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात. आझोवानी यांच्यासारख्यांशिवाय (प्रश्न १०) हा दवाखाना एक दिवसही चालला नसता, हेही तितकंच खरं.

१५. तो दवाखाना अजून चालू आहे का?

चालू आहे. १९८१ मध्ये शेजारी नव्या इमारती झाल्या आणि जुन्या लाकडी इमारतींचं संग्रहालय झालं. श्वाइट्झर यांची कबर घराशेजारी, साध्या क्रुसाखाली. हेलेने १९५७ मध्ये झुरिकला वारल्या, त्यांच्या अस्थी इथेच आणल्या आहेत. पैशांची ओढाताण या दवाखान्याला नवी नाही. गावात सरकारी प्रादेशिक रुग्णालयही आहे, जॉर्ज राविरी यांच्या नावाचं. हे लाम्बारेनेचेच, देशाच्या सिनेटचे अध्यक्ष होते.

१६. मलेरियाच्या लशीशी लाम्बारेनेचा काय संबंध? ती पुण्याचीच लस ना?

दोन लशी आहेत आणि गल्लत नेहमी होते. लाम्बारेनेत दवाखान्याच्या आवारात १९८१ पासून संशोधन प्रयोगशाळा आहे. आज ती सेर्मेल या नावाने स्वतंत्र केंद्र म्हणून चालते. ‘आरटीएस,एस’ या पहिल्या मलेरिया लशीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी २००९ पासून सात देशांत, अकरा ठिकाणी झाली. त्यांत लाम्बारेने होतं. एकूण १५,४५९ बालकं सहभागी झाली. थोड्या मोठ्या बाळांमध्ये, चौथ्या डोसासह, मलेरियाचे सुमारे ३६ टक्के आजार टळले. आकडा लहान वाटेल, पण जिथे मूल वर्षातून अनेकदा तापाने फणफणतं तिथे तो लहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये तिची शिफारस केली.

पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट बनवते ती ‘आर२१’, ऑक्सफर्डमध्ये विकसित झालेली दुसरी लस. तिची शिफारस ऑक्टोबर २०२३ मध्ये झाली. तिची मोठी चाचणी बुर्किना फासो, माली, केनिया आणि टांझानियात झाली, लाम्बारेनेत नव्हे. दोन्ही लशींचा नेम मात्र परजीवीच्या एकाच प्रथिनावर आहे.

१७. तिथे इबोला आहे ना?

गॅबॉनमधले इबोलाचे उद्रेक १९९४ ते २००२ या काळात, मुख्यतः दूर ईशान्येकडच्या जंगलात झाले. लाम्बारेनेचा इबोलाशी संबंध आला तो लशीच्या सुरुवातीच्या चाचणीचं एक केंद्र म्हणून. प्रवाशाने काळजी करावी ती मलेरियाची.

१८. गॅबॉनच्या राजकारणात या गावाचं नाव कधी आलं का?

फेब्रुवारी १९६४ मध्ये. काही लष्करी अधिकाऱ्यांनी राष्ट्राध्यक्ष लेओं म्बा यांना पदच्युत केलं आणि राजधानीपासून दूर लाम्बारेनेकडे नेलं. फ्रेंच फौजा उतरल्या आणि दोनच दिवसांत म्बा पुन्हा खुर्चीवर बसले. त्यांच्यामागून आलेल्या बोंगो घराण्याची सत्ता ३० ऑगस्ट २०२३ च्या लष्करी उठावात संपली. उठावाचे प्रमुख ब्रीस ओलिगी न्गेमा एप्रिल २०२५ च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष झाले.

१९. नदीत किंवा तळ्यात पोहता येतं का? स्थानिक मुलं तर पोहतात.

तुम्ही पोहू नका. पाणघोडे आणि मगरी हा एक भाग. मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही: गोड्या पाण्यातल्या गोगलगायींमधून पसरणारा शिस्टोसोमियासिस. त्याचा परजीवी कातडीतून आत शिरतो आणि मूत्राशयात ठाण मांडतो. मुलं पोहतात हे खरं, आणि त्यांना तो होतोही. याच प्रयोगशाळेत (प्रश्न १६) त्यावरही काम चालतं.

२०. मुंबईहून जायचं कसं? रेल्वे आहे का?

थेट विमान नाही. अदिस अबाबामार्गे लिब्रव्हिल ही सरळ वाट. तिथून लाम्बारेने रस्त्याने सुमारे २४० किलोमीटर. वाटेत कांगो नावाचं गाव लागतं (नाव सारखं असलं तरी काँगो देशाशी त्याचा संबंध नाही), त्यापुढे रस्ता विषुववृत्त ओलांडतो, आणि बिफूनला फाटा फुटतो. देशातली एकमेव मोठी रेल्वे एन्जोलेवरून फ्रांसव्हिलला जाते, ती लाम्बारेनेला शिवत नाही.

गॅबॉनसाठी ई-व्हिसा मिळतो. पिवळ्या तापाची लस सक्तीची आहे आणि ती निघण्याआधी किमान दहा दिवस, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. परतताना तो पिवळा दाखला हातात नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. दाखला बॅगेत नको, पासपोर्टबरोबर ठेवा. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल आधीच डॉक्टरांशी बोला. चलन मध्य आफ्रिकी सीएफए फ्रँक, आणि घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे.

२१. हातात एकच दिवस असेल तर काय पाहावं?

सकाळी जुना दवाखाना उरकून घ्या, दोन तास पुरतात. मग बेटावर या, बाजारात धुरी दिलेले मासे आणि मानियोकच्या वळ्या पाहा, एक विकत घेऊन खा. दुपारनंतर पिरोग ठरवून झिले तळ्याकडे जा. भाडं आधी बोलून घ्या, आणि साडेपाचच्या आत परत फिरा, कारण विषुववृत्ताजवळ संधिप्रकाश फार वेळ टिकत नाही. सव्वासहाच्या सुमारास सूर्य टेकतो आणि बघता बघता पाणी काळं होतं.